मुदत भरत आली असता

परदेशी कामगिरीवर गेलेल्या शिपायास सर्वांत जड दिवस कोणते जातात, असा प्रश्न केला तर बहुतेक वाचक उत्तर देतील, की पहिले. नवा मुलूख, कानास अनोळखी भाषा, अंगास न मानवणारे हवापाणी, आणि मागे सोडलेल्या घराची ओढ ताजी. तेव्हा पहिले दिवस कठीण असलेच पाहिजेत. परंतु जे जाऊन आले आहेत त्यांस विचारावे. पहिल्या दिवसांच्या फजितीच्या गोष्टी ते हसत हसत सांगतात, आणि शेवटच्या दिवसांविषयी बोलावयाची वेळ आली म्हणजे क्षणभर थांबतात.

मावळास शिपाईगिरी नवी नाही. तथापि शिवकालच्या मावळ्याची चाकरी व आजच्या जवानाची चाकरी ह्यांत एक मोठे अंतर आहे. त्या काळी दसऱ्यास सीमोल्लंघन करून फौज बाहेर पडे व पावसाळा तोंडावर आला म्हणजे पुष्कळसे शिपाई आपल्या शेताच्या बांधावर परत येत. घरी जाण्याची तारीख मृगाचा पाऊस ठरवी, आणि तो पाऊस सरदारास व शिपायास सारखाच दिसे. समुद्रापलीकडच्या चाकरीत तसे नसते. तेथे तारीख कागदावर येते. ती एकदा हाती पडली, की शिपायाचे शरीर एका देशात व मन दुसऱ्या देशात अशी स्थिती होते, आणि ह्या स्थितीतच त्यास अजून काही आठवडे बंदूक घेऊन उभे राहावयाचे असते. ज्या ठिकाणाहून आपण निघणार हे ठरून गेले आहे, त्या ठिकाणच्या माणसांचे आपल्यावर काही ऋण उरते काय, व उरत असल्यास ते किती, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

आंदर मावळातील एका तरुणाने आपल्या शेवटच्या दोन महिन्यांची हकीकत आम्हांस सांगितली. संयुक्त राष्ट्रांच्या कामगिरीवर तो भारतीय पलटणीबरोबर दक्षिण सुदानात, पांढऱ्या नाईल नदीच्या काठी मलाकाल येथे एक वर्ष होता. तो देश २०११ साली स्वतंत्र झाला आणि २०१३ च्या डिसेंबरात तेथे आपसांतील युद्ध पेटले. तेव्हा घरदार सोडून पळालेल्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांच्या तळाच्या आश्रयास धाव घेतली, आणि तळाशेजारी हजारो माणसांची वस्ती उभी राहिली. तिचे रक्षण करणे हे तेथील शिपायाचे काम.

ह्या कामात पराक्रम म्हणून सांगण्याजोगे फारसे काही नाही, असे तो तरुण स्वतःच म्हणाला. पहाटे उठावे, निळी टोपी व जड चिलखती जाकीट चढवावे, पांढऱ्या रंगाच्या गाडीतून गस्तीस जावे अथवा वाळूच्या पोत्यांमागे उभे राहून वस्तीच्या कुंपणाकडे पाहत राहावे. मे महिन्यापासून पुढे पाऊस लागला म्हणजे तेथील काळी माती अशी चिकट होते, की गाडीचे चाक रुतले तर दिवस त्यातच जातो. भीमेकडचे काळे रान पावसात ज्यांनी तुडविले आहे त्यांस अधिक सांगणे नको. दुपारी उकाडा, संध्याकाळी डास. जेवणात डाळ, भात, चपाती असे. तांदूळ मात्र आपला नव्हे, ही त्याची तक्रार. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने जगास इंद्रायणी भात दिला आणि मावळच्या पोरास परदेशी मोकळ्या, बेचव भातावर दिवस काढावे लागले, असे तो हसून म्हणाला.

पुढे तारीख कळली. त्या दिवसापासून सर्व गोष्टींस दोन अर्थ येऊ लागले. हिवतापाच्या गोळ्यांचे पाकीट हे औषध राहिले नाही, पंचांग झाले. किती गोळ्या उरल्या एवढेच तो पाही. जोडे फाटले तर नवे मागावयाचे नाहीत, कारण थोडेच दिवस काढावयाचे. ज्या अरबी शब्दांनी वस्तीतील मुले त्यास हाक मारीत व तोही ज्यांत उत्तर देई, ते शब्द शिकणे त्याने सोडून दिले. ट्रंक रात्री भरावयाची, सकाळी काही लागले म्हणून उपसावयाची, पुन्हा भरावयाची. आणि मग त्याने एक गोष्ट सांगितली, तीच ह्या लेखाचे कारण होय. तो म्हणाला, "कुंपणापलीकडच्या माणसांचे चेहरे मला दिसेनासे झाले. माणसे दिसत, पण कालची बाई आज आली की नाही हे ध्यानात राहीना. आधी राहत असे."

आता, दिवस मोजणे हा अपराध आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जो घरी जाण्यास आतुर नाही तो चांगला शिपाई असतो असे मानणारे लोक आहेत. त्यांनी घर सोडून कधी वर्ष काढलेले नसते. आईची, बायकोची, लहान लेकराची ओढ ही माणसाच्या अंगातील उणीव नव्हे. ज्यास कोणाची ओढच नाही अशाच्या हाती परक्या लेकरांची राखण सोपविणे आम्हांस तर भयाचे वाटेल. दोष आहे तो पुढे: मोजता मोजता जो दिवस हातात आहे तो केवळ वजा करावयाचा आकडा होतो, आणि त्या दिवसात जी माणसे उभी असतात तीही आकड्याबरोबर वजा होतात.

मावळच्या शेतकऱ्यास हे समजावून सांगावयास नको. भाताच्या खाचरांत चिखल तुडवून आवणी केली, श्रावणाची झड सोसली, आश्विनात लोंबी भरली. आता कापणीस पंधरा दिवस उरले. माळ्यावर बसून रानडुकरांपासून पीक राखावयाचे ते ह्याच पंधरवड्यात. आषाढात शेतावर रात्र काढली नाही तरी चालते, कारण डुकराने खावे असे तेव्हा शेतात काही नसते. तारीख जवळ आली म्हणून राखण सैल होत नाही. उलट ती जवळ आली म्हणूनच राखण सुरू होते. मात्र हा दाखला शिपायास पुरता लागू पडत नाही, हेही कबूल केले पाहिजे. शेतकरी राखतो ते पीक त्याच्या घरात येणार असते. शिपाई राखतो ते लोक त्यास पुन्हा भेटणार नाहीत. त्याच्या शेवटच्या पंधरवड्याचे फळ दुसऱ्याच्या कणगीत पडते, आणि बहुधा ते कोणी राखले हे खाणाऱ्यास माहीतही होत नाही.

ज्यांस तारीखच नव्हती अशा शिपायांचाही येथे विचार करू. पहिल्या महायुद्धात पुणे, सातारा व कोकण ह्या भागांतील हजारो तरुण मराठा पलटणींतून बसऱ्याकडे गेले. त्यांच्या गावी सरकारने दगडी पाट्या बसविल्या. अशा पाट्या अजून कित्येक गावांत दिसतात. ह्या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. लढाई थांबली १९१८ साली, मग दगडावर १९१९ का? तहावर सह्या झाल्या त्या १९१९ च्या जूनमध्ये. त्या एका आकड्यात शिपायाचे कितीतरी रिकामे महिने दडलेले आहेत. तोफा थांबल्या होत्या, परंतु जहाज आले नव्हते. पुष्कळ हिंदी पलटणी त्यानंतरही मेसापोटेमियातच राहिल्या, आणि १९२० च्या उन्हाळ्यात तेथे बंड उसळले तेव्हा त्यांस पुन्हा लढावे लागले.

शर्कातची लढाई ह्या दृष्टीने फार विचार करावयास लावते. पवित्र शास्त्राचे वाचक जिला हिद्देकेल म्हणून ओळखतात त्या तैग्रीस नदीच्या काठी, १९१८ च्या ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात ती झाली. ११४ वी मराठा पलटण तीत लढली, आणि शर्कात हे नाव मराठा लाइट इन्फंट्रीच्या मानचिन्हांत आजही आहे. ३० ऑक्टोबर रोजी तेथील तुर्की फौज शरण आली. त्याच दिवशी दूर मुद्रोस बंदरात तुर्कस्तानाशी युद्धविरामाचा करार झाला. म्हणजे २९ तारखेस जो शिपाई पडला त्याच्या आणि घरच्या वाटेच्या मध्ये दोन दिवसही नव्हते. दगडावर त्याची गणती इतरांबरोबरच झाली. कोण पहिल्या महिन्यात गेला व कोण शेवटच्या दिवशी, हे दगड सांगत नाही. त्या शिपायास शेवटाची तारीख ठाऊक असती तर तो तसाच पुढे सरला असता काय? आम्ही ह्याचे उत्तर देण्यास धजत नाही. घरी बसलेल्यांनी ते देऊही नये.

दुसऱ्या महायुद्धातील एक उदाहरण अधिक ठळक आहे. शिपाई नामदेव जाधव हे अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील निमज गावचे. मराठा पलटणीत कंपनीचे निरोप पोहोचविण्याचे काम त्यांच्याकडे होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदी ओलांडताना त्यांची छोटी तुकडी जवळजवळ नष्ट झाली. तेव्हा त्यांनी दोन जखमी सोबत्यांस एकामागून एक उचलून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. मग परत येऊन शत्रूच्या तीन मशीनगनच्या चौक्या बंद पाडल्या, आणि बांधावर उभे राहून जयघोष करीत मागच्या कंपन्यांस पार बोलाविले. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते १९८४ पर्यंत हयात होते. इटलीतील युद्ध २ मे १९४५ रोजी संपले. म्हणजे हे सर्व शेवटाच्या तेवीस दिवस आधीचे. शत्रू हरत चालला आहे हे त्या वसंतात कोणापासून लपलेले नव्हते. असे असता एखाद्याने मनाशी म्हटले असते, की आता जो जगेल तो घरी जाईल, तर त्यास नावे कोणी ठेवावी? परंतु पाण्यात पडलेल्या दोन जखमींस युद्ध लवकर संपणार ह्या वार्तेचा उपयोग नव्हता. त्यांचे युद्ध त्या घटकेस होते.

तिसरे उदाहरण आम्हांस सर्वांत कठीण वाटते, कारण तेथे पराक्रमाचा दिलासाही नाही. १९५६ च्या नोव्हेंबरापासून गाझा व सिनाई ह्या भागात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना होती व तीत भारतीय पलटण होती. १९६७ च्या मे महिन्यात इजिप्तने ही सेना काढून घेण्याची मागणी केली व ती मान्य झाली. दहा वर्षांचे काम आटोपले. सामान बांधावयाचे आणि निघावयाचे, एवढेच उरले. निघण्यापूर्वीच ५ जूनला युद्ध सुरू झाले, आणि इस्रायली विमानांच्या व तोफांच्या माऱ्यात १४ भारतीय शिपाई व एक ब्राझिली शिपाई प्राणास मुकले. ते कोणाशी लढत नव्हते. ते परत निघालेले लोक होते.

ह्यावरून कोणी म्हणेल, की मग शेवटच्या आठवड्यांत शिपायास तळावरच ठेवावे, धोक्याच्या कामास नव्या माणसास पाठवावे. कित्येक अधिकारी दयेने असे करितात, आणि दया ही वाईट गोष्ट नव्हे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेने प्रत्येक शिपायाची मुदत स्वतंत्र ठरविली होती: पायदळास बारा महिने, मरीन दलास तेरा. प्रत्येकाची तारीख निराळी, म्हणून एकाच चौकीत कोणी काल आलेला तर कोणी परवा जाणारा. जाणारे लोक काठीवर खाचा पाडून दिवस मोजीत व धोक्याच्या गस्तीपासून अंग राखीत. ज्याची खाच शेवटची तो अनुभवी, आणि तोच मागे. ज्यास वाटांची माहिती नाही तो पुढे. एकाच्या वाट्याची दया अशी दुसऱ्याच्या अंगावर पडते. आपल्या देशात पलटण एकत्र जाते व एकत्र परतते. ही रीत आम्हांस अधिक बरी वाटते, कारण तीत सर्वांची तारीख एक असल्यामुळे शेवटच्या रात्रीचा पहारा कोणाच्या तरी वाट्यास येतोच, आणि तो आपल्याच माणसांसाठी असतो. अधिकाऱ्याने आपण होऊन सवलत दिली तर घ्यावी. परंतु ती आपला हक्क म्हणून मागू लागणे ही निराळी गोष्ट आहे.

तसेच, काम काढून घेतले म्हणजे शेवटचे दिवस सुखाचे होतात हीही समजूत खरी नव्हे. नाशिक जिल्ह्यातील देवळालीची छावणी ह्याची साक्ष आहे. चाकरीची मुदत भरलेले गोरे शिपाई विलायतेच्या जहाजाची वाट पाहत तेथे ठेवले जात. जहाजे थंडीच्या हंगामात सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर भरली त्यास सबंध उन्हाळा व पावसाळा तेथे काढावा लागे. शत्रू नाही, काम नाही, घर नाही. दारू, भांडणे, आजार व वेडाचार ह्यांनी ती छावणी इतकी प्रसिद्ध झाली, की देवळालीच्या नावाचा अपभ्रंश होऊन वेड लागणे ह्या अर्थाचा शब्द इंग्रजी भाषेत रूढ झाला. हे लोक लढाईत धैर्याने वागलेले होते. त्यांस मोडले ते रिकाम्या दिवसांनी.

आता आमच्या आंदर मावळच्या तरुणाकडे वळू. मलाकाल येथे भारतीय तुकडीबरोबर गुरांचे डॉक्टर असत. त्या देशात गुरे हेच धन, लग्नही गुरे देऊनच ठरते. तेव्हा ह्या डॉक्टरांची कीर्ती शिपायांहून मोठी. आमचा तरुण त्यांच्या फेरीस पहारेकरी म्हणून जाई. जाण्यास नऊ दिवस असता एक म्हातारा पायात जखम झालेले वासरू घेऊन आला. जखम जुनी होती. रोज धुवावी लागणार, औषध लागणार, बरी होण्यास तीन आठवडे. डॉक्टरही त्याच पलटणीबरोबर परतणार होते. तरुणाच्या मनात आले, की म्हाताऱ्यास नव्या तुकडीकडे यावयास सांगावे. आपण आरंभ करून काय होणार? डॉक्टरांनी काही न बोलता बाही सरसावली व वासराचे पाय धरावयास त्यासच बोलाविले. पुढे आठ दिवस तो रोज ती जखम धुण्यास हजर राहिला. म्हाताऱ्याचे नाव त्याने विचारून घेतले. चेहरे पुन्हा दिसू लागले, असे तो म्हणाला.

वासरू पुढे जगले की नाही, हे त्यास माहीत नाही. आम्ही विचारले, ह्याची चुटपुट लागत नाही काय? तो म्हणाला, लागते. ती लागावी असेच आम्हांस वाटते. आरंभिलेल्या कामाचा शेवट आपल्याच डोळ्यांनी पाहावयास मिळेल तरच हात घालू, असा नियम केला तर जगातील किती कामे आरंभिली जातील? आंब्याची कोय लावणारा म्हातारा, दुसऱ्याच्या गावी दोन वर्षे शिकवून बदलून जाणारा शिक्षक, हेही मुदतीचेच चाकर आहेत. शिपायाची मुदत लहान व कागदावर लिहिलेली, एवढाच भेद.

मागे राहिलेल्या घराविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. घरही दिवस मोजीत असते. पूर्वी पत्र येण्यास महिना लागे. आता मलाकालचा मुलगा फोनवर आंदर मावळच्या ओटीवर दिसतो. ह्याने पुष्कळ सुख झाले, आणि एक नवे ओझेही आले. शेवटच्या महिन्यात घरचे सर्व तंटे, बहिणीच्या लग्नाची तारीख, सोसायटीचे कर्ज, छपराचे पत्रे, हे रोज रात्री त्याच्या पहाऱ्यावर येऊन उभे राहतात. "तू आलास की ठरवू" हे वाक्य मायेचे आहे, परंतु ते रोज ऐकणारा माणूस सकाळी गस्तीस जातो तेव्हा अर्धा घरी आलेला असतो. त्याच्या आईने ही गोष्ट कोणी न शिकविता ओळखली होती. ती लग्नाविषयी बोलत नसे. त्या म्हाताऱ्याच्या वासराचे आज कसे आहे, असे विचारी. स्वतः गुरे राखलेली बाई, जखमेत किडे पडले काय हेही विचारून घेई.

निघण्याच्या आदल्या दिवशी नव्या पलटणीस ताबा दिला गेला. तंबू, गाड्या, पाण्याच्या टाक्या, वाळूची पोती, सर्व मोजून सह्या झाल्या. ताब्याच्या यादीत नसलेल्या गोष्टी त्याने आपल्या जागी आलेल्या शिपायास, जो राजस्थानकडचा एक नवखा मुलगा होता, कुंपणाजवळ उभे राहून हिंदीत सांगितल्या. उत्तरेकडचा दिवा पावसात विझतो. पाणी भरावयास येणाऱ्या बायकांत एक बहिरी आहे, तिला हाक ऐकू जात नाही, म्हणून ती थांबली नाही तर बंदूक रोखू नकोस. मुले चेंडू कुंपणात मारतात. चेंडू परत दे, त्यांच्याकडे एकच आहे. आणि सकाळी आठच्या सुमारास एक म्हातारा वासरू घेऊन येईल. औषध पेटीच्या डाव्या कप्प्यात आहे, अजून बारा दिवसांचे.